नऊनं भागा

मालवणात आमची मासळीची खानावळ आहे. चुलीपाशी हे, गल्ल्यावर मी. मे महिना म्हणजे चाकरमान्यांचा महिना. गावी आलेली माणसं शाळेतल्या जुन्या मित्रांना गोळा करतात, किल्ल्यावर जाऊन येतात आणि दुपारी दोनच्या सुमाराला आमच्याकडे मोठं टेबल लागतं. गेल्या मे महिन्याच्या शेवटी असंच नऊ जणांचं टेबल लागलं होतं. दहावीची बॅच, सगळे पंचेचाळिशीच्या आसपासचे. पाच मुंबई-पुण्याहून आलेले, चार इथलेच.

मे अखेरीस मासळी महागलेली असते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, त्यामुळे त्याआधीच्या दिवसांत मागणी दुप्पट आणि लिलावात दर चढे. आमच्या पाटीवर म्हणूनच काही पदार्थांसमोर आकडा नसतो, 'साइजप्रमाणे' एवढंच लिहिलेलं असतं. त्या दिवशी पापलेट थाळी ६००, सुरमई ४५०, बांगडा २५० आणि शाकाहारी १८० होती.

ऑर्डर मुंबईचा एकजण देत होता. मोकळा माणूस, मोठा आवाज, सगळ्यांच्या पाठीवर थाप. तीन पापलेट, चार सुरमई. एक माळकरी होता, त्यानं शाकाहारी सांगितली. शेवटचा बांगडा थाळी म्हणाला. "अरे, बांगडो काय खातंस? रोज तोच खातंस!" असं कोणीतरी म्हणालं, सगळे हसले, तोही हसला. तो खलाशी. होडीवर जातो. मासळीतलं त्या टेबलावर सगळ्यांत जास्त कळणारा माणूस तोच होता. त्याच्यापुढे दोन महिने होडी बंद राहणार होती, हे मात्र हसणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात आलं असेल असं मला वाटत नाही.

मग टेबलाच्या मध्यभागी वरच्या प्लेटी येऊ लागल्या. कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, सुकं दोन, कोळंबी फ्राय दोन, तिसऱ्या म्हणजे शिंपल्यांची एक प्लेट, आणि एक अख्खं मोठं पापलेट १२०० चं. खलाशाच्या ताटात कोणीतरी कुर्ली वाढायला गेलं, त्यानं हात आडवा धरला. तिसऱ्यांनाही नको म्हणाला. पोट भरलं म्हणाला. भात अजून अर्धा होता.

हात धुवायचं बेसिन आमच्या गल्ल्याला लागूनच आहे. तो जेवण संपायच्या आधीच उठून आला, नळ सुरू ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वैनी, शेवटाक सगळ्यांचा एकत्र करून भागतले. माझा वेगळा करशात काय? पण थंय सांगू नको."

गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला हा प्रश्न कळतो. दोनशे साठ रुपये द्यायची त्याची तयारी होती, आणि ते सगळ्यांसमोर मोजायची नव्हती. मी हो म्हटलं. पण वेगळं बिल टेबलावर नेऊन ठेवलं की सगळ्यांची नजर त्याच्याकडेच जाणार. म्हणजे करायचं तर नऊही जणांचं करायला हवं होतं.

माझे वडील रापणकर. रापण म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं. रापण ओढून झाली की किनाऱ्यावरच वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. ज्यानं जेवढं घातलं तेवढं त्याला, आणि तिथं कोणी कोणाला चिक्कू म्हणत नाही. मी लहानपणापासून हा हिशोब पाहिलेला आहे, म्हणून 'दोस्तीत हिशोब नसतो' हे वाक्य माझ्या गळी कधी उतरलेलं नाही. दोस्तीत हिशोब असतोच. नऊनं भागणं हाही एक हिशोबच आहे, फक्त तो जास्त खाणाऱ्याच्या सोयीचा.

बिल झालं ७५३० आणि त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ७९०६.५०. नऊनं भागलं की प्रत्येकी ८७८.५०. बांगडा थाळी करासकट २६२.५०, शाकाहारी १८९. म्हणजे त्या दोघांना सहाशेच्या वर रुपये न खाल्लेल्या कुर्ल्यांचे भरावे लागणार होते. मी कागद घेतला. थाळी ज्याची त्याची. वरच्या प्लेटी आणि जास्तीच्या पाच सोलकढ्या मिळून ३५००, ते खाणाऱ्या सात जणांत ५०० प्रमाणे. कर धरून पापलेटवाल्यांना ११५५, सुरमईवाल्यांना ९९७.५०. बेरीज केली, पैशासकट जुळली. नावं नाहीत, फक्त थाळ्या लिहिल्या.

एक गोष्ट राहिली होती. क्यूआर कोडजवळचा तो पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा. "दोनशे त्रेसष्ट रुपये प्राप्त झाले" असं त्यानं भर खानावळीत म्हटलं असतं तर माझ्या सगळ्या कागदाला अर्थ उरला नसता. मी त्याचा आवाज बंद केला आणि मगच बिल पाठवलं.

मुंबईवाल्यानं कागद पाहिला. "वैनी, ह्यां कित्याक? मित्र आसंव आमी. सरळ नऊनं भागा!"

"मोठ्या टेबलाचं मी असं मांडून दिलंय," मी म्हटलं. "पटलं तर बघा."

जरा वेळ कोणी बोललं नाही. मग माळकऱ्यानं खिशातून दोनशेची नोट काढून टेबलावर ठेवली. "मी माझे एकशे नव्वद देतंय. वर्सान् वर्सा तुमच्या कुर्ल्यांचे पैशे भरतंय मी!" असं अगदी हसत म्हणाला. मी त्या माणसाचे मनातून आभार मानले. त्याला बोलता येत होतं, कारण माळ सगळ्यांना दिसते. रिकामा खिसा दिसत नाही. पुण्याहून आलेल्या बाईंनी फोनवर बेरीज ताडून पाहिली, बरोबर आहे म्हणाल्या आणि स्वतःचे ११५५ पाठवूनही टाकले. मग बाकीचे उठले. खलाशानं रोख दिले, तीनशे, आणि उरलेले वाढणाऱ्या पोराला द्या म्हणून सांगून बाहेर गेला.

हल्ली फोनमध्ये खर्च वाटून देणारी सोय असते, भीम ॲपनंही ती २०२५ मध्ये आणली. भागाकार ती चोख करते. ताटावर आडवा धरलेला हात तिला कुठून दिसणार?

सगळे गाडीकडे गेल्यावर मुंबईवाला परत आला. मला वाटलं भांडायला आलाय. गल्ल्याला हात टेकून हळू आवाजात म्हणाला, "तेनां सांगल्यान काय तुमका?"

"कोणी कायएक सांगूक नाय," मी म्हटलं.

त्याला कळलं होतं. चेहरा पडला होता त्याचा. "वैनी, माका म्हायत असता तर मीच भरलंय असतंय तेचे. पुढच्या वर्षी सगळ्यांचा मी देतंय."

"द्या की. पण मगे ता बिलाच्या वेळी सांगू नको, भावजी. बसल्या बसल्या सांगा. म्हणजे जेका जा व्हया ता तो मागवीत."