रविवारचे तीन तास आणि स्वतःचं ध्येय

चारचौघांत न अडखळता बोलता यावं, शरीर सुधारावं, एखादी परीक्षा द्यावी, वाचन वाढवावं अशी काही ना काही इच्छा प्रत्येकाच्या मनात असते. सोबत, आपल्या वस्तीसाठी, शहरासाठी काही करावं असंही वाटत असतं. मुंबईत ही दोन्ही कामं एकाच जागी अडतात, कारण दोन्हींना रविवार हवा असतो. माझं ठाम मत असं की रविवार दोघांत फाडण्यापेक्षा सेवेचं काम असं निवडावं, की ते करता करता ध्येयाचाही सराव होईल. मात्र क्रम चुकवू नये. समोरच्याची गरज आधी बघायची आणि ध्येयाला तिच्या मापानं मुरड घालायची. ध्येय पुढे ठेवून गरज शोधत निघालात, तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन्ही सुटतं.

आधी वेळेचा हिशेब मांडू. आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले. सहा दिवसांची नोकरी, रोज नऊ तास, म्हणजे ५४. डोंबिवली किंवा नालासोपाऱ्याहून येणाऱ्याचे जाण्यायेण्यात रोज तीन तास सहज जातात, ते १८. आंघोळ, जेवणखाण, बाजार, घरकाम यांना रोज तीन तास, एकूण २१. उरले २६. त्यातून घरच्यांचा वेळ, आजारपणं, लग्नकार्यं, एखाद्या संध्याकाळचा नुसता थकवा वजा केला, की खरोखर हातात राहतात सहा-सात तास. त्यातले तीन सेवेला, तीन ध्येयाच्या घरच्या अभ्यासाला, आणि एक मुद्दाम मोकळा. सेवेच्या तीन तासांत प्रवास धरलेला आहे. बहुतेकांचा हिशेब चुकतो तो नेमका इथे: दोन तासांचं काम घेतात आणि त्यासाठी अडीच तास गाडीत बसतात.

म्हणून काम घराजवळ असावं, नाहीतर घर आणि कचेरी यांच्यामधल्या एखाद्या स्टेशनावर. डोंबिवलीत राहून परळला नोकरी असेल तर डोंबिवली, ठाणे, दादर, परळ चालेल. दर आठवड्याला दादरला गाडी बदलून बोरिवलीला जाणं वर्षभर टिकत नाही. रविवारच्या मेगाब्लॉकचाही विचार आधीच करायला हवा. मध्य आणि हार्बर मार्गांवर तो साधारण सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान असतो. सकाळी साडेदहाच्या आत काम संपवून परतीची गाडी पकडता येईल अशी वेळ घ्यावी, किंवा चालत जाता येईल असं ठिकाण निवडावं.

आता ध्येय कसलं आहे ते बघायचं. काही ध्येयं सेवेच्या आतच पुरी होतात: बोलणं, शिकवणं, मोठ्यानं वाचणं, शरीराला कष्टाची सवय लावणं. काही शेजारी बसतात. एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्यानं मंडळाची अभ्यासिका उघडायची-बंद करायची जबाबदारी घेतली, तर तिथली शांतता त्यालाही मिळते आणि चाळीतल्या मुलांनाही. काही ध्येयं मात्र सेवेशी भांडतात. नवीन नोकरीत पहिले सहा महिने, घरात तान्हं बाळ, रात्रीचा पदवीचा अभ्यासक्रम अशा काळात दर आठवड्याचं काम घेऊच नये. रक्तदानासारखं वर्षातून तीन-चार वेळा करायचं काम घ्यावं.

मुलांना वाचायला शिकवणं हे सर्वांत जास्त लोक निवडतात, आणि सर्वांत जास्त गळतीही तिथेच होते. समजा ध्येय आहे ‘लोकांसमोर बोलता यावं’. वर्गात उभं राहून अर्धा तास बोललात तर तुमचा सराव होईल, पण मूल वाचायला शिकणार नाही. वाचायला शिकण्यासाठी त्यालाच वाचावं लागतं. म्हणून ध्येय बदलून लिहायचं: ‘दोन वाक्यांत सूचना देणं, आणि ती वीसपैकी वीस मुलांना पहिल्याच खेपेला कळणं.’ हा सराव लांब भाषणापेक्षा कठीण आहे, आणि कचेरीतल्या बैठकीत तोच कामाला येतो.

१९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेनं रुळवलेली पद्धत अशा वर्गाला फार उपयोगी आहे. इयत्ता न बघता मूल कोणत्या पायरीवर आहे ते बघायचं: अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. प्रत्येकाला एकेकटं बसवून दोन-तीन मिनिटं वाचायला द्यायचं. पाचपैकी चार अक्षरं ओळखली तर शब्दांकडे जायचं, पाचपैकी चार शब्द वाचले तर परिच्छेदाकडे. मग पायरीप्रमाणे गट करायचे. पाचवीतलं मूल शब्दांच्या गटात बसलं तर त्याला कमीपणा वाटतो, तेव्हा गटांना पायरीची नावं न देता फुलांची किंवा नद्यांची नावं द्यावीत. दीड तासात पंधरा मिनिटं गोष्टीचं वाचन, ओळीखाली बोट ठेवून; पंधरा मिनिटं बाराखडीचा तक्ता; मग गटात शब्दांचे खेळ; शेवटी स्वतःच्या मनातलं एक वाक्य लिहिणं. महिन्यातून एकदा पुन्हा तपासून गट बदलायचे. हे तपासणं राहून गेलं की वर्ग नुसता वेळ घालवण्याचा होतो.

महापालिकेच्या शाळा मराठीखेरीज हिंदी, उर्दू, गुजराती अशा बऱ्याच माध्यमांत चालतात. मूल घरी कोणती भाषा बोलतं आणि शाळेत कोणत्या भाषेत शिकतं, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. उर्दू माध्यमाच्या मुलीला देवनागरीचा तक्ता दाखवून तिला ‘मागे पडलेली’ ठरवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

आवाज, उच्चार, निवेदन यांत ज्यांना रस आहे त्यांच्यासाठी दृष्टिहीन विद्यार्थ्यांना पुस्तकं ध्वनिमुद्रित करून देणं हे उत्तम काम. इथेही ध्येयाला मुरड घालावी लागते. विद्यार्थ्याला अभ्यास करायचा असतो. त्याला नाट्यवाचन नको, सारख्या गतीचं स्पष्ट वाचन हवं. सुरुवातीला पुस्तकाचं नाव, धड्याचा क्रमांक आणि शीर्षक वाचायचं, पान उलटलं की पृष्ठ क्रमांक सांगायचा. आकृती किंवा नकाशा आला तर आधी ‘आकृती’ म्हणायचं आणि डावीकडून उजवीकडे, वरून खाली तीन-चार वाक्यांत वर्णन करायचं. एका धड्याची एक फाइल, आणि फाइलच्या नावात धड्याचा क्रमांक आधी, नाहीतर परीक्षेच्या आदल्या रात्री त्याला हवा तो धडा सापडत नाही. मुंबईत अडचण आवाजाची. रिक्षा, कावळे, शेजारचा मिक्सर. पहाटे सहाच्या आत, पंखा बंद करून, कपड्यांचं कपाट उघडं ठेवून त्याच्यासमोर बसलं तर घुमणं बरंच कमी होतं. चूक झाली की थांबा, दोन सेकंद जाऊ द्या, वाक्य पहिल्यापासून वाचा. नंतर कापणं सोपं जातं.

याच विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक लागतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे परीक्षार्थीनं स्वतः आणलेल्या लेखनिकाचं शिक्षण त्याच्यापेक्षा एक पायरी कमी लागत असे (२०२५ मध्ये या सूचना बदलल्या), आणि दर तासाला किमान २० मिनिटं जादा मिळायला हवीत, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. तेव्हा पदवीधरानं पदवीच्या परीक्षेला लेखनिक म्हणून नाव देण्याआधी नियम तपासावा. परीक्षा मंडळ आणि विद्यापीठ यांचे अर्ज वेगळे असतात, आणि ते परीक्षेच्या दिवशी भरून चालत नाहीत. आधी एकदा सरावाला बसा. प्रश्न दोनदा वाचायचा, उत्तर जसं सांगितलं तसंच लिहायचं, शब्दही सुधारायचा नाही. पेपरच्या दिवशी सकाळी न पोचणारा लेखनिक एखाद्याचं वर्ष बुडवू शकतो, म्हणून होकार देताना आपला बदली माणूस कोण, हेही सांगून ठेवावं.

शरीर कमावण्याचं ध्येय असेल तर किनारा सफाई. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह यांनी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर सुरू केलेल्या कामानंतर मुंबईत अनेक ठिकाणी असे गट उभे राहिले. या कामाचं वेळापत्रक रविवार ठरवत नाही, समुद्र ठरवतो. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. या रविवारी सकाळी साडेसहाला ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी त्याच सुमारास भरती असते आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा ओहोटी. म्हणजे काम पंधरवड्याचंच. कोळी बांधव तिथीवर चालतात ते याचसाठी: मुंबईत पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळी सहा-सातच्या सुमारास मोठी ओहोटी लागते आणि वाळूचा सर्वांत रुंद पट्टा उघडा पडतो. कालनिर्णय काढा आणि त्या तिथींजवळच्या रविवारांवर खूण करा.

साधनं साधी: जाड रबरी हातमोजे (दवाखान्यातले पातळ मोजे पाच मिनिटांत फाटतात), गमबूट, लोखंडी दाताळं, घमेली, गोण्या. काच आणि सुया यांच्यासाठी झाकणाचा पत्र्याचा डबा वेगळा. त्या गोणीत गेल्या तर गोणी उचलणाऱ्या सफाई कामगाराचा हात फाटतो. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घेतलेलं असावं. वाळूत अडकलेलं प्लास्टिक ओढू नका, आधी भोवतीची वाळू मोकळी करा. गोणी निम्मीच भरा, कारण ओली वाळू फार जड असते आणि कंबर तिथेच जाते. गुडघे वाकवून उचलायचं. आणि गोळा झालेला कचरा न्यायला गाडी कधी येणार, हे वॉर्ड ऑफिसशी बोलून आधी ठरवायचं. गाडी नसेल तर दुपारची भरती सगळं परत घेऊन जाते.

रक्तदान हे सगळ्यांत कमी वेळाचं काम, पण त्यालाही नियोजन लागतं. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५, पुरुषांनी तीन महिन्यांनी, स्त्रियांनी चार महिन्यांनी. ‘वर्षभर हिमोग्लोबिन १३ च्या वर ठेवणं’ हे ध्येय लिहिलं की जेवणही सुधारतं: पालेभाजी, नाचणी, उसळी, वर लिंबू, आणि जेवणाबरोबर चहा नाही. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, लोक गावी जातात आणि रक्तपेढ्यांत तुटवडा येतो. पुरुषांनी फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि स्त्रियांनी जानेवारी, मे, सप्टेंबर असे महिने धरले तर मे आपोआप येतो. परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी प्लेटलेट सतत लागतात, आणि त्या पाचच दिवस टिकतात. तिथे जवळ राहत असाल तर प्लेटलेटदात्यांच्या यादीत नाव द्या.

ध्येयाची वही मोठी नसावी. पानाच्या वर ध्येय एका वाक्यात, खाली तीन रकाने: आज काय झालं, कुठे अडलं, पुढच्या वेळी काय बदलणार. परतीच्या गाडीत पाच मिनिटांत भरून टाकायचं. घरी गेल्यावर भरू म्हटलं की राहतं. बारा आठवड्यांनी पानं एकत्र वाचा. ‘कुठे अडलं’मध्ये तीच ओळ पुन्हा पुन्हा येत असेल, तर ती समन्वयकाला दाखवा. बरेचदा अडचण एकट्याची नसते, सगळ्या वर्गाची असते.

मुदत शाळेच्या वर्षाप्रमाणे ठरवावी: जून ते दिवाळी, किंवा दिवाळी ते मार्च. जानेवारीत उत्साहानं आलेल्या माणसाला मुलं ओळखायला लागेपर्यंत परीक्षा येतात. गणपतीच्या दहा दिवसांत हजेरी तुटपुंजी असते आणि जुलैत हिंदमाता, कुर्ला, सायनला पाणी भरलं की कोणी पोचत नाही. हे दोन-तीन आठवडे आधीच वजा धरा. संस्थेला सुरुवातीलाच विचारा: किमान किती आठवडे हवेत, मी आलो नाही तर वर्ग कोण घेईल, ओळखपत्र किंवा पोलीस पडताळणी लागते का. मुलांबरोबरच्या कामात पडताळणी मागणारी संस्था चांगली समजावी. मुलांचे फोटो टाकायचे नाहीत, त्यांच्याशी परस्पर फोनवर बोलायचं नाही, खाऊ-भेटवस्तूंचं आश्वासन द्यायचं नाही. मूल धोक्यात आहे असं दिसलं तर १०९८ या क्रमांकावर कळवायचं, आणि समन्वयकालाही.

मुदत संपली, बदली झाली, घरी अडचण आली की सोडावं लागतं. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते न सांगता सोडणं. एक महिना आधी सांगा, मुलांनाही दोन आठवडे आधी स्वतःच्या तोंडानं सांगा. नव्या माणसाबरोबर दोन वर्ग एकत्र घ्या. हजेरीचं रजिस्टर, कोणतं मूल कोणत्या पायरीवर आहे त्याचा कागद, कपाटाची किल्ली आणि तक्ते त्याच्या हाती द्या. ध्येयाची वही तुमच्याजवळ ठेवा, पण ‘कुठे अडलं’ हा रकाना त्याला उतरवून द्या.