स्वातीच्या वेशीला

बुधवार, रात्री

विज्ञानकविता लिहायला बसलं की आधी यंत्रांचीच गर्दी होते. यान, रोबो, कालयंत्र, त्यावरची लुकलुकणारी बटणं. चार ओळी होईस्तोवर कवितेचा कॅटलॉग होतो. म्हणून सध्या मोठ्या अभंगाचा साचा धरलाय. सहा, सहा, सहा, शेवटी चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. सगळी मिळून 22 अक्षरं. सामान फार मावत नाही, तेच बरं. 'कृष्णविवर' घेतलं की पाच अक्षरं गेली. 'गुरुत्वाकर्षण' तर अख्खा चरण गिळून बसतं. 'सापेक्षता' मात्र शेवटच्या चरणात अशी चपखल बसते की तुकोबांनी जागा राखून ठेवली असावी. (बसवून पाहिली. फळ्यावर लिहिल्यासारखी वाटली, काढली.)

दिवसभर लातुरात बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवायचं. तिथं काळ म्हणजे 'टी', सेकंदात, आणि उत्तर चारातलं एक. आज जेवणं झाल्यावर लाईट गेली, गच्चीवर गेलो, तेव्हा हे जमलं:

मंगळाचे पाणी
आले लातुराला
घागर रांगेला
तीच जुनी

2016 चा उन्हाळा ज्यांनी इथं काढला, मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी ज्यांनी प्यायलं, त्यांना यात कल्पनेचा भाग फारसा दिसणार नाही. मलाही दिसत नाही. पण 'तीच जुनी' राहू देणार आहे.

शुक्रवार

हिंगोलीच्या एका मित्राशी फोनवर बोलणं झालं. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा होऊ घातलीय. काटकोनात दोन बाहू, प्रत्येकी 4 किलोमीटर लांब, आत निर्वात नळी आणि लेझर. गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशातच उठलेली लाट, आली की एक बाहू किंचित ताणला जातो, दुसरा आखडतो. आणि 'किंचित' म्हणजे प्रोटॉनच्या जाडीच्याही हजारावा हिस्सा. 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी पहिल्यांदा ही लहर पकडली. सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, त्याची ती थरथर.

आणि हे सगळं होणार कुठं, तर जिथं नामदेवांना देवळापुढून उठवलं, ते मागं जाऊन कीर्तनाला उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडं फिरलं. नंदी मागं राहिला तो तेव्हापासून, असं औंढ्यात सांगतात. मला वेगळं काही सुचवावंच लागलं नाही.

देऊळ फिरले
नामयाच्या हाके
अवकाश वाके
दुधाळ्यात

मित्र म्हणाला, जमिनीच्या भावावर पण एक होऊन जाऊ दे.

रविवार

मामा आलाय. गुडघ्याचा एक्स-रे काढायचा होता, उद्या डॉक्टर. मामाचं गाव किल्लारीच्या अंगानं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपात माझं आजोळ पडलं. आता जे आहे ते पुनर्वसनातलं गाव, सरळ रस्त्यांचं. दगडमातीच्या भिंती, वर माळवद, त्यावर दरवर्षी चढवलेली माती, असल्या घरांत हजारो माणसं झोपेतच गेली. विसर्जनाची रात्र होती. नाचून दमलेली माणसं गाढ झोपली होती.

कालप्रवासाची कविता करायची तर इथला माणूस आणखी कुठं जाणार? पण भौतिकशास्त्र पुढं जाऊ देतं, मागं नाही. रेवतीला घेऊन ककुद्मी राजा ब्रह्मदेवाकडं स्थळ विचारायला गेला, गाणं संपेपर्यंत थांबला आणि खाली 27 चतुर्युगं उलटून गेली, ही कीर्तनातली कथा निदान दिशेनं तरी बरोबर आहे. वेगानं जाणाऱ्याचं घड्याळ खरोखरच हळू चालतं. आदल्या संध्याकाळी जाऊन 'आज बाहेर झोपा' म्हणून सांगायची वाट मात्र कुठल्याच समीकरणात मला सापडली नाही. शाळेत असल्यापासून शोधतोय.

म्हणून उलटा हिशोब केला. आपण मागं जात नाही, पण त्या दिवसाचा उजेड तर निघून गेलाय. कुठवर पोचला असेल? सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढं नेला की तांबूस स्वाती लागते. इथं स्वाती म्हटलं की लोकांना पाऊसच आठवतो, तारा कुणी बघत नाही. अंतर सुमारे 37 प्रकाशवर्षं. म्हणजे 1993 चा उजेड तिथं 2030 च्या आसपास पोचेल.

मग गंमत म्हणून त्या दिवसाचं आकाश मांडून पाहिलं आणि कागद बाजूला ठेवला. 29 सप्टेंबरला दिवेलागणीला स्वाती पश्चिमेला चांगली वर होती, साडेआठच्या सुमारास मावळली. पहाटे ती क्षितिजाखालीच. म्हणजे स्वातीच्या बाजूला गेलाय तो संध्याकाळचाच उजेड. तिकडून बघणाऱ्याला आमचं गाव पडताना दिसणारच नाही. पृथ्वी फिरून पुन्हा समोर येईल तेव्हा सकाळ झालेली असेल, ते दिसेल. पण ती पहाट नाही. दिव्यांचा उजेड एवढ्या अंतरावर इतका पातळ होतो की कुठल्याच दुर्बिणीला सापडणार नाही, हे मीच पोरांना शिकवतो. पण गेलाय तो गेलाय.

त्या सांजेचे दिवे
अजून वाटेला
स्वातीच्या वेशीला
लागायचे

मामाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गुडघा चोळत बसला. मग म्हणाला, "दिवे कुठले रे? लाईट नव्हती त्या दिवशी. मिरवणुकीला गॅसबत्त्या होत्या. एक तर माझ्याच डोक्यावर होती, मान आखडली होती पार. दिवस बुडायलाच निघालो आम्ही."

गॅसबत्ती. एवढी नेमकी वस्तू मला सुचली नसती. बोटांवर अक्षरं मोजत बसलो.

गॅसबत्तीचा तो
उजेड वाटेला
स्वातीच्या वेशीला
लागायचा

हे जास्त बरं झालं. 'त्या सांजेचे' यात थोडा गळा काढल्यासारखा होता. मामानं पुन्हा एकदा म्हणायला लावलं, मान डोलावली आणि विचारलं, "आन् लेझीम?"

मी सांगितलं, आवाजाला हवा लागते. गावाच्या वर शे-दीडशे किलोमीटर गेलं की ऐकू यायला काही उरतच नाही. लेझीम, हलगी, मोरया, सगळं इथंच राहिलं.

"मंग अर्धीच मिरवणूक गेली म्हण की," मामा म्हणाला आणि गोळी घ्यायला पाणी मागितलं.