सतरंजीचं दुसरं टोक

सतरंजीची घडी एकट्याला घालता येत नाही. चादरीची येते. नऊवारीचीसुद्धा एक टोक हनुवटीखाली धरून कशीबशी येते. पण हॉलभर पसरणारी जुनी सुती सतरंजी हनुवटीला जुमानत नाही. परवा दुपारी कॉलनीतलं हळदीकुंकू उरकलं, बायका वाणं घेऊन घरी गेल्या आणि मी एक टोक हातात धरून, दुसऱ्या टोकाला कोण येतंय का बघत उभी राहिले.

कोणी आलं नाही. आता सतरंज्याच कुठं राहिल्यात म्हणा. खुर्च्या येतात टेम्पोतून, त्या मांडणाऱ्या माणसासकट. सतरंज्या उचलणं उरलंय ते राजकारणात, तेही टोमण्यापुरतं. 'आम्ही जन्मभर सतरंज्याच उचलायच्या काय?' असं कोणा नाराज कार्यकर्त्याचं वाक्य पेपरात वाचलं की मला आमच्या चौथीच्या बाई आठवतात. त्यांनी खरोखरच जन्मभर उचलल्या, आणि तिकीट काही मागितलं नाही.

बाई ख्रिस्ती होत्या. म्हणजे काय, तर दिवाळीनंतर दोन महिन्यांनी त्यांच्याकडं पुन्हा करंज्या मिळतात. आमचा धर्माचा अभ्यास एवढाच. एका नाताळात त्यांनी आम्हा तिघीचौघींना चर्चमधल्या कार्यक्रमाला नेलं. पाहुण्या म्हणून नेलं अशी आमची समजूत. नाटकातले बेथलेहेमचे मेंढपाळ खरीखुरी घोंगडी पांघरून, पायात करकरणाऱ्या कोल्हापुरी चपला घालून आले. त्यातला एक मेंढपाळ तर शिंकतच राहिला; घोंगडं बहुतेक थेट माळ्यावरून आलं असावं. नाटक संपलं, फराळ झाला, पाळकसाहेबांची प्रार्थना झाली, लोक एकमेकांना शुभेच्छा देत पांगले. आम्ही पण निघालो, तर मागून आवाज आला, ''कुठं निघालीस? टोक धर.''

तेव्हा कळलं, आम्हाला कशाला आणलंय ते.

बाईंची घडी घालायची पद्धत ठरलेली होती. आधी झटकायची. त्यातून शेंगांची फोलपटं, एखादी हेअरपिन, एकदा तर बाळाचं पायातलं वाळं निघालं होतं. मग दोघींनी समोरासमोर दोन दोन कोपरे धरायचे, ताण द्यायचा, कोपऱ्याला कोपरा लावायचा. मग जिनं चालत यायचं ती मी. बाई जागच्या हलत नसत. मी चालत जाऊन माझी टोकं त्यांच्या हातात द्यायची, खाली वाकून लोंबणारी घडी उचलायची, पुन्हा मागं जायचं. पुन्हा यायचं. प्रत्येक खेपेला अंतर निम्मं होई आणि शेवटी बाईंचा चष्मा, त्याची दोऱ्यानं बांधलेली काडी, कपाळावरचा घाम, सगळं अगदी नाकासमोर येई. वर्गात बाई एवढ्या जवळून कधी दिसत नसत. कोपरा बोटभर चुकला तरी पहिल्यापासून. ''सरळ लाव की गं, उद्या कुणाला तरी अंथरायची हाय.''

हे 'हाय' फक्त शाळेबाहेर. वर्गात बाई 'मी सांगते, मी लिहिते' अशा छापील मराठीत. शाळा सुटली की आमच्या आयांसारख्याच ''बरं, मी येतो गं,'' म्हणून पदर खोचून चालू लागायच्या.

बाई प्रेमळ होत्या असं मी म्हणणार नाही. गाता येत नसूनही भजनात वरच्या पट्टीत गायच्या. हिशोबात चार आणे कमी पडले तर अख्ख्या महिला मंडळाला बसवून ठेवायच्या. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात कुणाला दाखवायचं असलं की केसपेपरच्या रांगेत पहाटेपासून त्याच्यासोबत उभ्या राहायच्या, आणि रांगेतच त्याला तंबाखूवरून झापायच्या. ज्याला झापलं त्याची जात, धर्म, पेठ कोणतीही असली तरी झापण्यात फरक नसे.

त्यांची एक गोष्ट मात्र ठरलेली. वाइल्डर मेमोरियल चर्चचा विषय निघाला की त्या सांगायच्या: अमेरिकेतून वाइल्डर नावाचे मिशनरी 1852 साली कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट इथंच जन्मला, 1863 साली. पुढं अमेरिकेत 1886 मध्ये 'स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट' उभी राहिली, तिच्या म्होरक्यांपैकी हा एक. ती चळवळ विद्यार्थ्यांना मिशनरी करून देशोदेशी पाठवण्याची. पण बाईंनी त्यातला आपल्याला हवा तो शब्द तेवढा उचलला होता. ''म्हणजे व्हॉलंटिअर हा कोल्हापुरी शब्द आहे,'' असं त्या गंभीरपणे सांगत. आम्ही ते कित्येक वर्षं खरं धरून चाललो.

2005 च्या पुरात बाई निवृत्त झालेल्या होत्या. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि शाळाशाळांतून माणसं येऊन उतरली. बाईंनी जमवलेल्या 14 सतरंज्या एका शिबिरात गेल्या. पाणी उतरलं, माणसं चिखल उपसायला घरी गेली, सतरंज्या परत आल्या 13. आता कुणाची तरी खैर नाही, असं मला वाटलं. चार आण्यांसाठी मंडळाला बसवणारी बाई! त्यांनी वही काढली, चष्मा पुसला आणि चौदाव्या सतरंजीपुढं लिहिलं, 'वापरात'.

2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, तेव्हा त्यांचे गुडघे गेले होते. तरी खुर्चीत बसून शिबिरात वाटायच्या औषधांच्या पाकिटांवर 'सकाळी', 'जेवल्यावर', 'झोपताना' असं त्या वळणदार अक्षरात लिहीत होत्या. एका पाकिटावर मी 'झोपतांना' लिहिलं, तर अनुस्वार खोडायला लावला.

बाईंच्या मातीला मी गेले होते. गर्दी पुष्कळ. नंतर चर्चच्या आवारात मी उगाच रेंगाळले, तर एक पोरगा प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालत होता. मी दोन उचलल्या. तो म्हणाला, ''ऱ्हावू द्या मावशी, आमचं कामच हाय त्ये.'' दोन्ही खुर्च्या त्याच्या हातात दिल्या आणि हात कुठं ठेवावेत ते कळेना.

परवा शेवटी वॉचमनच्या पोराला हाक मारली. दुसरी-तिसरीतला असेल. त्यानं टोक धरलं, मी म्हटलं, ''आता चालत ये.'' तर तो सतरंजीवरून चालत आला.

पहिल्यापासून.