०.३० च्या आकड्यावर अडलेली भिंत

लंडनमधल्या व्हिक्टोरियन घराच्या नऊ इंची भिंतींना आतून इन्सुलेशन करायचं म्हटलं, तर भिंतीपेक्षा कागदच जास्त दमवतात. माझी फाइल एकाच आकड्यावर अडली. सुधारलेल्या भिंतीची यू-व्हॅल्यू (भिंतीतून किती उष्णता निसटते त्याचं माप; जितकी कमी तितकी बरी) ‘अप्रूव्ह्ड डॉक्युमेंट एल’ या ऊर्जाबचतीच्या सरकारी मार्गदर्शिकेप्रमाणे ०.३० हवी, हे बिल्डिंग कंट्रोलचं, म्हणजे बांधकाम नियम तपासणाऱ्या खात्याचं, पालुपद. ईमेल कितीही सविस्तर लिहा, उत्तर तेच.

हिशेब बघा. पोकळी नसलेल्या नऊ इंची विटेच्या भिंतीची यू-व्हॅल्यू कागदोपत्री साधारण २.१ धरतात. आतून ६० मिमी वुडफायबर (लाकडाच्या तंतूंचा बोर्ड) लावलं की ती ०.५३ वर येते. ०.३० गाठायला १२० मिमीच्या वर वुडफायबर हवं, नाहीतर ६५ मिमीच्या आसपास फॉइलवाला पीआयआर फोम (प्लास्टिकच्या फेसाचा कडक बोर्ड). साहेबांचा कल अर्थातच फोमकडे. पण ही वीट पाऊस पिते आणि आत-बाहेर दोन्हीकडून सुकते. फॉइलने आतली वाट बंद होते. वर घरातली ऊब भिंतीपर्यंत पोचत नाही, म्हणून बाहेरूनही वीट रेंगाळत सुकते. मग भिंतीत शिरलेली मजल्याच्या तुळयांची टोकं आधी कुजतात. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकली की धोका सुरू. आणि वुडफायबरसुद्धा जितकं जाड, तितकी वीट गार, त्यामुळे १२० मिमी हाही उपाय नव्हे.

तोड त्याच दस्तऐवजात आहे. ओलावा शोषून परत सोडणाऱ्या पारंपरिक बांधकामाला तिथे सवलत दिलीय: इमारत पुढे खराब होण्याचा धोका वाढणार नाही, इतपतच सुधारणा करा. एवढं दाखवूनही ग्लेझर पद्धतीचं, म्हणजे भिंतीत वाफेचं पाणी कुठे होईल याचं साधं, गणित मागितलं गेलं! ग्लेझर मासिक सरासरीवर चालतं. भिंतीवर आदळणारा पाऊस त्यात येतच नाही. वूफी या भिंतीतली ओल-उष्णता मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचं सिम्युलेशन, पश्चिमेच्या भिंतीचा पाऊस आणि तुळयांच्या टोकांची आर्द्रता धरून, दिल्यावर सही झाली. तुम्ही त्या सवलतीचं पान आणि सिम्युलेशन, हे दोन्ही कागद अर्जासोबतच जोडा, मागायची वाट बघू नका.

काम त्यामानाने सरळ. जिप्सम आणि व्हिनाइल रंग खरवडून काढा, चुन्याच्या गिलाव्याने भिंत सपाट करा, आणि बोर्डाच्या पूर्ण पाठीला चुन्याचा मसाला फासून दाबा. नुसते ठिपके दिले तर मागे पोकळी राहते, घरातली दमट हवा तिथे फिरून पाणी धरते. वर जाळीसकट ८ मिमी चुना. सुकायला दर मिलिमीटरला एक दिवस धरा. रंग सिलिकेटचा, म्हणजे वाफ जाऊ देणारा.

हे सगळं करण्याआधी, खरं तर अर्जाच्याही आधी, गळकी पन्हळं आणि बाहेरचं सिमेंटचं पॉइंटिंग (विटांच्या सांध्यांतली भर) बघा. सिमेंट काढून चुना भरा. अंगणाची पातळी डीपीसीच्या (जमिनीतली ओल वर चढू न देणाऱ्या भिंतीतल्या थराच्या) १५० मिमी खाली हवी. ओली भिंत सुकायला जाडीच्या दर इंचाला महिना धरतात. तेवढं थांबवत नसेल तर काम पुढच्या वर्षावर टाका.

दोन मजल्यांच्या मधे, तुळयांच्या फटीतही बोर्ड उतरवायला सांगा. खिडकीच्या कडांना निदान २० मिमी बोर्ड हवाच, नाहीतर बुरशी नेमकी तिथेच धरते. कोटेशनमध्ये या दोन्ही ओळी वेगळ्या लिहून घ्या.