शरदाचा तपकिरी रंग आणि नागपूर

सप्टेंबर सरत आला की फॅशनची पाने तपकिरी होऊ लागतात. गंजाचा तांबूस, मोहरीचा पिवळा, वाळक्या पानाचा बदामी असे रंग, गुडघ्यापर्यंतचे बूट, एकावर एक चढवलेले कपडे आणि गळ्याभोवती सैल गुंडाळलेला लोकरी स्कार्फ, असा स्त्रियांचा शरदातील थाट त्यांत दाखवलेला असतो. नागपुरात मात्र त्या सुमारास पाऊस जेमतेम परतीला लागलेला असतो, अंबाझरीच्या काठची झाडे हिरवीगार असतात आणि भर दुपारी सीताबर्डीतून चालताना अंगावरची सुती ओढणीसुद्धा नकोशी होते.

मौज अशी की, पॅरिस, मिलान, लंडन आणि न्यूयॉर्क येथे याच हंगामाचे कपडे फेब्रुवारी-मार्चमध्येच मंचावर येऊन गेलेले असतात, आणि त्या दिवसांत आपल्याकडे साग निष्पर्ण होऊन पेंचच्या रानात पाचोळ्याचा तसाच तपकिरी सडा पडलेला असतो. ते रंग तिकडे मंचावर असतात तेव्हा आपल्याकडेही पानगळ असते. दुकानात पोहोचेपर्यंत मात्र मध्ये आपला उन्हाळा आणि पावसाळा उलटून गेलेला असतो.

खरे तर त्या छटांसाठी विदर्भातील स्त्रीने फॅशनच्या पानांकडे पाहण्याचे कारणच नाही. ऐन आणि अर्जुन या झाडांच्या पानांवर वाढणाऱ्या अळ्यांच्या कोषांपासून निघणारा कोसा, म्हणजेच टसर, रंगवण्यापूर्वीच मध, गहू आणि फिकट तांबे यांच्या अधल्यामधल्या छटा घेऊन येतो. भंडारा आणि गडचिरोली या भागांत हे कोष होतात, आणि करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेली करवतकाठी साडी ही तर विदर्भाच्या विणकरांची ओळख असून तिला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. कोशाला तुतीच्या रेशमाची गुळगुळीत चकाकी नसते, त्याचा पोत किंचित खडबडीत असतो, आणि माझ्या मते हाच त्याचा रुबाब आहे. त्यावर ऑक्सिडाइज्ड चांदीचे झुमके आणि पायांत कोल्हापुरी चप्पल एवढे पुरे होते; या उकाड्यात बूट घालण्याचा हट्ट मला तरी समजत नाही.

रंगांच्या बाबतीत शरदातले नागपूर तसेही कोणाच्या सांगण्याची वाट पाहत नाही. नवरात्रात सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा असा वारांचा हिशेब असतो, आणि वर्तमानपत्रांनी रुजवलेली ही प्रथा बँकांच्या काउंटरपासून महाविद्यालयांपर्यंत इतकी पसरली आहे की, हंगामातील सर्वांत मोठा ट्रेंड तोच म्हणावा लागेल. त्यानंतर येणाऱ्या दसऱ्याचा रंग मात्र पांढरा. 14 ऑक्टोबर 1956 रोजी, दसऱ्याच्याच दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे बौद्ध धम्माची दीक्षा दिली. आजही त्या निमित्ताने दीक्षाभूमीवर शुभ्र साड्या नेसून ज्या स्त्रिया गावोगावाहून येतात, त्यांच्या त्या शुभ्रतेला फॅशन म्हणणे उथळपणाचे होईल. तरीही शहराच्या डोळ्यांत शरद ठसतो तो त्याच रंगाने.

राहिला स्कार्फ. नागपूरच्या मुलींनी तो केव्हाच आपलासा केला आहे, पण गळ्याभोवती सैल सोडण्यासाठी नव्हे, तर दुचाकीवर ऊन आणि धूळ यांपासून डोळे सोडून सारा चेहरा झाकण्यासाठी. तो अर्थातच सुती असतो. लोकरी स्कार्फाची गरज डिसेंबरच्या थंडीत पडते आणि तोवर तिबेटी विक्रेत्यांची गरम कपड्यांची दुकाने लागलेली असतात. म्हणून ती खरेदी मी पुढे ढकलते आणि दिवाळीचे पैसे कोसा साडीसाठी राखून ठेवते. ती स्वस्त नसते. त्यामुळे काठावरचे दाते विणलेले आहेत की नुसते छापलेले, हे साडी उलटून पाहिल्याखेरीज मी दुकानदाराशी भावाची गोष्ट काढत नाही.