तुम्ही विचारलंत म्हणून : एका गिटारला दोन अँप (अँप्लिफायर) कशाला?

टेम्पोतून सामान उतरवताना कुणीतरी विचारतंच. बेळगाव असो, खानापूर असो, पुढचं वाक्यही ठरलेलं : "आवाज तर पीएमधूनच येतोय की ओ."

येतो, पीए म्हणजे मांडवातल्या मोठ्या स्पीकरांमधूनच येतो. मोठ्या आवाजासाठी मी दोन लावतच नाही. ५० वॅटच्या जागी १०० वॅट घेतले तरी फरक जेमतेम ३ डेसिबलचा. आमच्याकडे दुसरा गिटारवाला नाही, म्हणून एक अँप क्लीन, म्हणजे स्वच्छ आवाजावर ठेवतो, दुसरा ड्राइव्हवर, म्हणजे फाटलेल्या आवाजावर, आणि दोन्ही एकदम वाजवतो. क्लीनमधून कॉर्डमधली एकेक तार सुटी ऐकू येते, ड्राइव्ह तिला अंग देतो. एकाच अँपवर गेन (आवाज फाडणारं बटण) चढवला तर सगळ्याचा लगदा होतो.

निपाणीकडच्या एका गावातला गणपतीचा कार्यक्रम मात्र अजून डोक्यातून जात नाही. एक अँप साउंडच्या बोर्डावर होता. तिथे प्लग शिल्लक नव्हता, म्हणून दुसरा लाइटवाल्याच्या बोर्डावर. केबल जोडली आणि मांडवभर घरघर सुरू. दोन्ही अँपना अर्थिंग, त्यात गिटारच्या केबलमधल्या तारेच्या जाळीने दोघे एकमेकांना जोडलेले. वेटोळं पूर्ण झालं की ५० हर्ट्‌झची गुणगुण त्यात शिरते. लाइटवाला पक्कड घेऊनच आला. "अर्थची पिन काढतो, लगेच गप्प बसतंय बघा."

बसलंही असतं. पण मग त्या अँपचं अर्थिंग उरतं फक्त गिटारच्या बारीक केबलवर. आत बिघाड होऊन लाइन चॅसीवर, म्हणजे अँपच्या धातूच्या सांगाड्यावर आली आणि दुसऱ्या अँपची केबल निसटली, तर करंटची वाट तारांवरच्या माझ्या हातातून माइकला लागलेल्या ओठांपर्यंत. मी पिन काढू दिली नाही. मंडळाची माणसं घड्याळ दाखवत होती. आमचा गायक सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझ्या हट्टापायी लोक उठून चाललेत." शेवटी एक अँप बंद करून अख्खा कार्यक्रम वाजवला.

आणि समोरच्या कुणालाच फरक कळला नाही. पिनेबद्दल आजही तेच म्हणेन. पण हे मात्र लागलं. ऑर्केस्ट्रात एकाच अँपवर वर्षानुवर्षं वाजवणारा पूर्वीचा मी तिथे असता, तर गायकाच्या बाजूने बोलला असता. त्या जुन्या मला मी अजून सांगतो की लोकांना कारण कळत नसेल, गाणं भरलेलं वाटतं ते त्यामुळेच. त्याला पटत नाही. गायकाने पुढच्या वर्षी दुसरा बँड धरला.

आता दोन्ही अँप एकाच बोर्डावर, आणि मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवाला स्प्लिटर : गिटारचा सिग्नल दोघांना वाटतो, पण दोघांना तारेने थेट जोडत नाही. त्यावर फेजचं बटणही आहे, कारण माझ्या दोन अँपांपैकी एक सिग्नल उलटा करतो : एकाचा स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसऱ्याचा मागे ओढतो, आणि बेस एकमेकांत मरतो. मॉडेलर पेडलमध्ये (अँपच्या आवाजाची नक्कल करणारं यंत्र) हे सगळं एका डब्यात मिळतं, हेही खरं. घ्यावा की नाही, रोज बदलतं.

विचारायचंच असेल तर साउंडचेकला या. सगळ्यात जाड तार, खालची ई वाजवतो, ८२ हर्ट्‌झची. बटण तुम्हीच दाबा.