चोक ओढला की दोन सेकंद चालते, मग बंद

महिनाभर सकाळी माझ्या दुचाकीचा एकच तमाशा. चोक ओढायचा, किक मारायची, इंजिन लगेच पेट घेणार आणि दोन-तीन सेकंदांत गप्प होणार. त्यानंतर पंधरा किका मारल्या तरी दाद नाही. एकदा तापली की मात्र दिवसभर तक्रार नाही.

कार्ब्युरेटरमधला पायलट जेट (मंद गतीला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) मागच्याच रविवारी साफ केला होता. उजेडासमोर धरला तर भोक स्वच्छ गोल दिसत होतं. स्पार्क प्लगही तपकिरी, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण ठीक. मग थंडीतच का अडते?

काल फ्लोट बाऊल, म्हणजे कार्ब्युरेटरखालची पेट्रोलची वाटी, पुन्हा उतरवला आणि उत्तर त्याच्या कोपऱ्यातच सापडलं. आपल्या प्लंजरवाल्या (दट्ट्याच्या) चोकची वाट पायलट जेटपेक्षा वेगळी असते. बाऊलमध्ये एक छोटी विहीर असते, वरची पितळी नळी तिच्यात बुडते आणि तळाच्या बारीक जेटमधून विहीर भरत राहते. माझा तो जेट जवळजवळ बुजला होता. रात्रभरात थेंब थेंब करून विहीर भरायची, पहिली किक तेवढं पेट्रोल ओढून घ्यायची आणि मग विहीर कोरडी! लक्षण इतकं नेमकं होतं, तरी मी महिनाभर पायलट जेटलाच दोष देत बसलो.

वाळलेल्या पेट्रोलचा चिवट, मधासारखा पिवळा थर होता. आधी रबरी सील काढून ठेवले, कारण क्लीनरने ते फुगतात. बाऊल क्लीनरमध्ये तासभर भिजवला, वायरमधली तांब्याची एकच तार अलगद फिरवली आणि हवा मारली. सुई कृपया वापरू नका. पितळ मऊ असतं, भोक एकदा मोठं झालं की जेट बदलावाच लागतो.

एअर स्क्रू (मंद गतीच्या मिश्रणातली हवा ठरवणारा स्क्रू) काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन फेरे मोजले होते. दीड भरले, तेवढ्यावरच परत बसवला.

आज सकाळी दुसऱ्या किकला चालू झाली आणि चालूच राहिली. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळली: किक मारताना ॲक्सिलरेटरला हात लावला नाही. स्लाइड (ॲक्सिलरेटरने वर उचलली जाणारी कार्ब्युरेटरमधली झडप) उघडली की ओढ कमी होते आणि चोकच्या वाटेने पेट्रोल येतच नाही. मिनिटभराने चोक अर्धा आत ढकलला, आवाज स्थिर झाल्यावर पूर्ण.

पुढच्या रविवारी इनटेकचा, म्हणजे कार्ब्युरेटर इंजिनला जोडणारा, रबर बघायचा आहे. कडेला बारीक भेग दिसते आहे.